लाच कोठे जन्म घेते? सरकारी भ्रष्टाचाराची कारणे : एक अभ्यास



सरकारी कचेरीतील भ्रष्टाचार हा विषय निघाला की आपल्यातील बहुतेकांचे मत एका वाक्यात सांगून होते : "माणसेच बिघडली आहेत." हे मत चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. सकाळी दूधवाल्याचा हिशेब पैसा न पैसा चुकता करणारा, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावणारा माणूस दुपारी कचेरीत पाकीट घेतो. तोच माणूस बँकेच्या खिडकीवर बसला असता तर आपले पैसे आपल्याला देण्यासाठी त्याने चहापाणी मागितले असते का? बहुधा नाही. मग खुर्ची बदलली की माणूस का बदलतो? या प्रश्नाचा आज आपण थोडा खोलात जाऊन विचार करू या. कारण रोगाचे निदान चुकले तर औषध कितीही कडू असले तरी गुण येत नाही.

प्रथम व्याख्या पाहू. लोकांनी विश्वासाने सोपवलेला अधिकार स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या फायद्यासाठी वापरणे म्हणजे भ्रष्टाचार. लाच हा त्याचा एक प्रकार. वशिल्याने नोकरी देणे, टेंडरमध्ये टक्केवारी ठेवणे, आरक्षित जमिनीवरील बांधकामाकडे डोळेझाक करणे, न झालेल्या कामाचे बिल काढणे हीसुद्धा त्याचीच रूपे.

दुखणे जुनेच आहे

हा रोग आजचा नाही. कौटिल्याने आपल्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात सरकारी पैसा हडप करण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आहेत. शुभवर्तमानातील जकातदार तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. ज्यू लोक त्यांचा एवढा द्वेष का करीत? रोमन राजवटीत जकात वसूल करण्याचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरायची आणि नाक्यावर त्याहून जास्त जे मिळेल ते आपल्याकडे ठेवायचे. म्हणजे लोकांना पिळणे हा त्या व्यवस्थेचा अपवाद नव्हता, तोच तिचा पाया होता. अशा खुर्चीवर सज्जन माणूस बसवला तरी त्याच्या सज्जनपणाची रोज परीक्षा होणार.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. योहान बाप्तिस्ताकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, असे सांगितले. शिपायांना त्याने कोणाला छळून पैसे उकळण्यास मनाई केली आणि आपल्या पगारात समाधान मानण्यास सांगितले. हा उपदेश माणसाला उद्देशून आहे, पण त्यात एक व्यवस्थाही दडलेली आहे : दर ठरलेला हवा आणि तो सर्वांना ठाऊक हवा.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'रिपब्लिक' या ग्रंथात गायजिस नावाच्या मेंढपाळाच्या अंगठीची गोष्ट दिली आहे. अंगठीचा खडा आत फिरवला की मेंढपाळ अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो आणि राजाला मारून राज्य बळकावतो. प्लेटोचा प्रश्न असा की, आपल्याला कोणी पाहत नाही याची खात्री असेल तर किती माणसे न्यायाने वागतील? सरकारी भ्रष्टाचाराच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. काही खुर्च्यांना ही अंगठी जोडलेलीच असते.

संथानम समितीने काय सांगितले?

स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांतच आपल्या सरकारला या रोगाची दखल घ्यावी लागली. १९६२ साली खासदार के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशीतून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. समितीने भ्रष्टाचाराची चार मोठी कारणे सांगितली. एक, कामातील दिरंगाई. दोन, सरकारने आपल्या आवाक्याबाहेरची नियंत्रणे अंगावर घेणे. तीन, अधिकाऱ्यांच्या मर्जीला मिळालेला मोठा वाव. चार, नागरिकांच्या रोजच्या गरजेच्या कामांतील किचकट पद्धती. साठ वर्षांनंतरही ही यादी वाचताना आपल्याला ती नवीन वाटत नाही.

पुढे १९८८ साली रॉबर्ट क्लिटगार्ड या अमेरिकन अभ्यासकाने हेच एका सोप्या समीकरणात मांडले : मक्तेदारी अधिक मनमानी, उणे उत्तरदायित्व, म्हणजे भ्रष्टाचार. एखादी वस्तू एकाच माणसाकडे मिळत असेल, ती द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर असेल आणि त्याला जाब विचारणारे कोणी नसेल, तर तेथे लाच उगवणारच. आता ही कारणे आपल्या अनुभवाच्या कसोटीवर एकेक करून तपासू.

पहिले कारण : टंचाई आणि परवाना

आपल्यातील वडीलधाऱ्यांना सिमेंटचे परमिट आठवत असेल. घराचा गिलावा करायचा तरी सरकारी परवाना लागे. सिमेंट कमी, मागणारे फार आणि वाटणारी लेखणी एकच. सिमेंटचे वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये काढला, तेव्हा मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढे फौजदारी खटल्यात त्यांना शिक्षा झाली नाही. पण आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची आहे. १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण काही अंशी आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. आज सिमेंटच्या गोणीसाठी कोणी लाच देत नाही. सिमेंटशी संबंध असलेली सारी माणसे संत झाली म्हणून नव्हे, तर लाच घेता येईल अशी खिडकीच उरली नाही म्हणून! टेलिफोनच्या जोडणीचेही तेच झाले.

यावरून सर्व नियम काढून टाकावेत, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. औषधांची तपासणी, इमारतींचा मजबूतपणा, नद्यांची स्वच्छता यांसाठी नियम हवेतच. प्रत्येक परवान्याबरोबर एक लेखणी जन्म घेते, आणि त्या लेखणीवर नजर ठेवणारे कोण, हे परवाना निर्माण करतानाच ठरवले पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

दुसरे कारण : दिरंगाई

बाजारात वस्तू विकली जाते, कचेरीत वेळ विकला जातो. वडील वारले, सातबारावर वारसांची नावे लावायची आहेत. अर्ज दिला. तलाठी (ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद धरतात, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. कायद्यात पायऱ्या स्पष्ट आहेत. पण कागद एका पायरीवर थांबला तर तो का थांबला हे सांगणे कोणावर बंधनकारक नव्हते. मग "बघतो", "साहेब मीटिंगला गेलेत", "पुढच्या आठवड्यात या" सुरू होते. तीन वेळा हेलपाटा घातल्यावर, तीन दिवसांचा रोज बुडाल्यावर, बाहेर उभा असलेला एजंट देवदूत वाटू लागतो.

दिरंगाई ही केवळ आळसामुळे होते असे आपण समजतो. पण जेथे वेगाला किंमत मिळते तेथे उशीर मुद्दाम तयार केला जातो. "काम लवकर व्हावे म्हणून थोडे दिले, त्यात कोणाचे काय गेले?" असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. त्याने दिलेल्या पैशामुळे रांग पुढे सरकत नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या विधवेचा कागद मात्र आणखी खाली जातो.

तिसरे कारण : अंधार

इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपिते अधिनियम स्वतंत्र भारतातही तसाच राहिला, आणि कागद लपवणे हीच कचेरीची रीत बनली. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात या अंधारावर बोट ठेवले. दुष्काळी कामांवर राबलेल्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती, आणि जाब विचारला की हजेरीपटाकडे बोट दाखवले जाई. १९९४ पासून संघटनेने गावोगावी जनसुनवाई भरवून ते हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कामावर कधीही न गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, इतकेच काय, मृतांचीही नावे त्यात निघाली! न बांधलेल्या भिंतीची बिले निघाली. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. आपल्या राज्यात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे ही मागणी घरोघरी पोहोचली. महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली माहितीचा अधिकार कायद्याने दिला.

अडीच हजार वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने हेच सुचवले होते. सार्वजनिक निधी एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना तो सर्व नागरिकांसमोर सोपवावा आणि हिशेबाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, असे त्याचे मत होते. गायजिसची अंगठी काढून घेण्याचा हाच मार्ग.

हा नियम फक्त सरकारला लागू नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासातही पदे विकली गेली. पैशाने पवित्र दान विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोनाच्या नावावरून त्या पापाला 'सिमोनी' हे नाव पडले. धर्मकार्याच्या नावाखाली दान गोळा करणाऱ्यांचे गैरप्रकार उपदेशाने थांबेनात, तेव्हा ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६२ साली ते पदच रद्द केले. पतसंस्था असो, गृहनिर्माण सोसायटी असो की धर्मग्रामाचा निधी असो, जेथे हिशेब उघड्यावर वाचला जात नाही तेथे संशयाला आणि मोहाला जागा राहतेच.

चौथे कारण : निवडणुकीचा पैसा

खालच्या टेबलावरील चिरीमिरी आपल्याला दिसते, वरची टक्केवारी दिसत नाही. तिचा एक झरा निवडणुकीच्या खर्चात आहे. २०२२ पासून आपल्यासारख्या मोठ्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये ठेवण्यात आली. पक्षाच्या खर्चाला मात्र कायद्याने मर्यादा घातलेली नाही. १९६९ साली कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली. खर्च थांबला नाही, देणग्या फक्त काळ्या पैशात गेल्या. १९८५ साली बंदी उठली. २०१८ पासून निवडणूक रोखे आले, ज्यात देणगीदाराचे नाव मतदाराला कळत नसे. मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना रद्द केली.

निवडणुकीत गुंतवलेला पैसा पाच वर्षांत वसूल करावा लागतो. तो रस्त्याच्या डांबरातून, शाळेच्या पत्र्यांतून आणि बदल्यांच्या दरातून वसूल होतो. बदलीसाठी ज्याने पैसे मोजले तो अधिकारी ते आपल्याकडूनच काढणार. आणि मतासाठी पाकीट घेतलेल्या मतदाराला त्याला जाब विचारण्याचे तोंड उरत नाही.

पाचवे कारण : शिक्षेची शाश्वती नाही, साक्षीदार एकटा

पगार कमी म्हणून लाच घेतली जाते, असे पूर्वी म्हटले जाई. त्यात तथ्य होते. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर खासगी व्यापार आणि नजराणे यांवर गब्बर होत. लॉर्ड कॉर्नवॉलिसने त्यांचे पगार भरघोस वाढवले आणि खासगी व्यापार बंद केला. पण वेतन आयोगामागून वेतन आयोग येऊनही लाचेच्या सापळ्यात माणसे सापडतच राहिली. पोटाची भूक पगाराने भागते, हावेची भागत नाही. तेथे पकडले जाण्याची भीती लागते, आणि ती भीती आपल्या व्यवस्थेत कमी पडते. सरकारी सेवकावर खटला भरण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. खटले वर्षानुवर्षे चालतात. लोकपाल विधेयक प्रथम १९६८ साली संसदेत आले, कायदा २०१३ साली झाला आणि पहिल्या लोकपालांनी शपथ घेतली ती २०१९ साली!

आणि जो प्रामाणिक राहतो त्याचे काय? सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह फायलींतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळी घालून खून झाला. हा खून लुटीसाठी झाला असे न्यायालयात ठरले, तरी नाव फोडण्याचा दोष त्याने पुसला जात नाही. आपल्या राज्यात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्यांनी २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळले. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. अशा वेळी प्रामाणिक कर्मचारी पाकीट घेत नाही, पण घेणाऱ्याबद्दल बोलतही नाही. या मौनावर भ्रष्टाचार पोसला जातो.

सहावे कारण : आपण

लाच दोन प्रकारची असते. पहिली अडवणुकीची : आपल्या हक्काचे काम अडवून घेतलेली. येथे देणारा बहुतांशी पीडित असतो. दुसरी संगनमताची : जे आपल्या हक्काचे नाही ते मिळवण्यासाठी दिलेली. अनधिकृत मजला, खोटा दाखला, चुकवलेला कर, विकत घेतलेली नोकरी. येथे देणारा आणि घेणारा दोघेही खूश असतात, कारण किंमत मोजणारा तिसराच असतो आणि तो त्या खोलीत हजर नसतो.

हा तिसरा माणूस आपल्या वसई तालुक्यात आपण पाहिला आहे. नालासोपारा येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालये ठरवतील. पण ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. प्रत्येक स्लॅब पडताना तो कोणाला तरी दिसत होता.

मग काय करावे?

कारणे सहा असली तरी त्यांना बांधणारा दोरा एक आहे : जाब विचारणारा नसणे. म्हणून उपायही तेथूनच सुरू होतो. पुढील साधने आपल्या हातात आहेत.

१. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची, ती देणारा अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावणे बंधनकारक आहे. कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज देताना दिनांकासह पोच घ्यावी. पोच नसेल तर अपील उभे राहत नाही.

२. माहितीचा अधिकार. दहा रुपयांच्या अर्जावर "माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली?" असे विचारता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अनेकदा हा अर्ज पोहोचताच थांबलेला कागद चालू लागतो.

३. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दूरध्वनी १०६४. लाच मागितली गेल्यास पैसे देण्याआधी येथे तक्रार करावी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

४. एकट्याने जाऊ नये. एकटा माणूस दमतो, घाबरतो. वस्तीतील दोघे-तिघे सोबत असले की "पुढच्या आठवड्यात या" म्हणणे अवघड होते. ज्यांना अर्ज लिहिता येतात त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत. हीसुद्धा सेवाच आहे.

यरीहोचा जक्कय मुख्य जकातदार होता. प्रभू त्याच्या घरी गेला आणि त्याचे मन पालटले. ते पालटल्याची खूण कोणती? त्याने हिशेब केला : अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. आपल्यातील कितीतरी जण सरकारी सेवेत आहेत, महापालिकेत आहेत, पोलिसांत आहेत, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांची संख्या त्यांत मोठी आहे. त्यांना घरच्यांनी "शेजारच्या साहेबांनी बंगला बांधला, तुम्ही काय केले?" असे कधीही विचारू नये. खुर्चीवरच्या माणसाला टिकवण्याचे काम त्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलापासून सुरू होते.

कुटुंबात आणि समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपल्या घरातून कोणाला "वरचे" पैसे दिले गेले का? ते काम अडवले गेले म्हणून, की हक्काचे नव्हते म्हणून?

२. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात सेवांचा फलक लावलेला आहे का? कोणी जाऊन पाहून येईल?

३. आपण ज्या संस्थेचे सभासद आहोत तिचा वार्षिक हिशेब आपण शेवटचा केव्हा वाचला?

४. सरकारी सेवेत प्रामाणिक राहिल्यामुळे त्रास सोसणारे कुटुंब आपल्या शेजारी आहे का? त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?